चार प्रश्नांचं वाटणीपत्र

झुलाल नानांचं टेबल आणि माझं टेबल यांच्यामध्ये हातभर जागा होती. जळगावच्या निबंधक कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली आम्ही सव्वीस वर्षं असे शेजारी बसलो. ते दस्तलेखक, म्हणजे खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र असले कागद लोकांना लिहून देणारे. मी स्टॅम्प विकणारा. माझं लिहिणं म्हणजे स्टॅम्पच्या पाठीवर घेणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख. त्या तीन ओळींच्या पुढे मी फारसा कधी गेलो नाही, त्यामुळे आताही चौथ्या ओळीपासून हात अवघडतोय. पण नानांबद्दल लिहील असं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि त्यांनी स्वतः जन्मभर लिहिलं ते सगळं दुसऱ्यांच्या जमिनींबद्दल.

नाना मूळचे धुळ्याकडचे. मॅट्रिक झाल्यावर धुळ्याच्या कोर्टात एका वकिलाकडे कारकुनी केली, तिथेच मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकले आणि मग जळगावला आले. त्यांना दोन भाषा येत. बोलायची अहिराणी आणि लिहायची दस्ताची. मधली, म्हणजे तुम्ही-आम्ही साधं पत्र लिहितो ती, त्यांना कधी जमली नाही. साक्रीला राहणाऱ्या बहिणीला पत्र लिहायचं तरी सुरुवात अशी: "लिहून घेणार सौ. भिकुबाई, राहणार साक्री. लिहून देणार झुलाल, राहणार जळगाव. कारणे पत्र लिहून देतो ऐसाजे." आणि शेवटी, "सदर पत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाचेही दडपण नसता लिहून दिले असे." बहिणीच्या नवऱ्याने ती सगळी पत्रं शेताच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. कधी कुठलं उपयोगी पडेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नानांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. तीस वर्षांत निबंधकाने त्यांचा एकही कागद परत केला नव्हता.

पहिला कागद परत आला नव्वद साली, आणि तो जमिनीचा नव्हता.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कोकिळा नावाची मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बारावी सायन्सची परीक्षा नुकतीच झालेली, बोदवडकडच्या एका खेड्यातली, इथे मावशीकडे, केसरबाईंकडे राहून शिकलेली. तिला स्टॅम्प नको होता, इंग्रजी टाइप करून हवं होतं. मी बोट दाखवलं ते शेजारच्या टेबलाकडे. पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढाच, पण बरेच दिवस तेवढाही मला खात होता.

तिच्या कॉलेजातल्या सरांनी तिला बंगलोरकडच्या एका संस्थेचं माहितीपत्रक दिलं होतं. तिथे जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकवत. ते ऐकून मी जरा चमकलो, कारण तिचे वडील वनाभाऊ पाणाडी होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचं, नारळ उभा राहील तिथे विहीर खोदायला सांगायची, हे त्यांचं काम. त्या भागात त्यांचं नाव होतं.

संस्थेचा फॉर्म मात्र विचित्र होता. गुणांची आणि पत्त्याची चौकट छोटी, आणि त्याखाली चार प्रश्न. कोणता विषय मुख्य म्हणून घेणार आणि का? या विषयाची ओढ कशी लागली? त्यासाठी आमचीच संस्था का निवडली? हा विषय शिकून पुढे काय करणार? प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या कागदावर, अडीचशे शब्दांत, टाइप करून.

कोकिळाने चारही उत्तरं वहीत लिहून आणली होती. डिक्शनरी जवळ घेऊन बसली असणार, कारण शब्द मोठे मोठे होते. नानांनी ती चष्मा वर-खाली करत वाचली आणि वही मिटली.

"पोरी, चारी जागावर एकच माल शे."

खरंच होतं. पहिल्यात मला या विषयाची फार आवड आहे, दुसऱ्यात मला या विषयाची लहानपणापासून आवड आहे, तिसऱ्यात तुमच्या संस्थेत माझी आवड वाढेल, चौथ्यात आवडीतून मी देशाची सेवा करीन. ती म्हणाली, प्रश्नच एकमेकांत घुसलेले आहेत त्याला मी काय करू? ते नानांनाही पटलं. आणि अशा वेळी काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दस्तात एकच गोष्ट चार वेळा चार तऱ्हेने लिहिली की कोर्टात तिचे चार अर्थ निघतात आणि दोन पिढ्या त्यात जातात. गोष्ट एकदा लिहायची, बाकीच्या ठिकाणी कलमाचा हवाला द्यायचा.

त्यांनी पहिलं उत्तर दस्ताच्या इंग्रजीत टाइप केलं. मी खाली सही करणार कुमारी कोकिळा वना, वय वर्षे अठरा, धंदा शिक्षण, असे लिहून देते की मला सदर विषयाची आवड आहे, आणि ज्याअर्थी आवड आहे, त्याअर्थी मी तो घेत आहे. दुसऱ्या कागदावर लिहिलं, कलम एकप्रमाणे. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर, वरीलप्रमाणे, कमीजास्त काही नाही. पालकाच्या सहीची जागा होती, तिथे त्या वेळी मावशीने सही केली. मला तर कागद फार देखणा वाटला. मीच पोस्टात टाकून आलो.

मे महिन्याच्या अखेरीस तो परत आला. आमच्याकडे मेमध्ये टाइपरायटरच्या कळा बोटांना चटके देतात, म्हणून नाना दुपारी त्यावर ओला पंचा टाकून बसत. कोकिळाने लिफाफा आणून त्या पंच्यावरच ठेवला. आत कोरा फॉर्म होता आणि पत्र होतं. तुम्ही चारही प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे, खरं म्हणजे एकालाही दिलेलं नाही, तरी गुण चांगले दिसतात म्हणून आणखी एक संधी देत आहोत, पंधरा जूनपर्यंत नवीन उत्तरं पोचली पाहिजेत. आणि पालकाची सही मावशीची चालणार नाही, वडिलांची हवी. एवढं मला आठवतंय.

नानांनी ते पत्र वाचून माझ्यापुढे सरकवलं. मग बराच वेळ कोणाचंच काम घेतलं नाही. एक पक्षकार आला, त्याला म्हणाले, आज मशीन गरम शे, उद्या ये. कोकिळा बाकावर बसून होती. तिला बंगलोर मिळालं नाही तर काय ठरलंय ते तिने अगदी सरळ आवाजात सांगून टाकलं. मावशीच्या नात्यातलं एक स्थळ होतं, भुसावळचं. वडील पावसाळा संपेपर्यंत थांबणार होते.

त्या दिवशी नाना नुसती संस्थेलाच नावं ठेवत राहिले. एका शेताला चार गट नंबर देतात आणि वर विचारतात की कागद एकसारखे का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते माझ्याआधी येऊन बसले होते. कोकिळालाही निरोप गेला होता. टेबलावर एक जुनं वाटणीपत्र पसरलेलं, पाळधीच्या चार भावांचं. मला म्हणाले, रुपचंदभाऊ, बाप एक, शेत एक, पोरं चार. प्रत्येकाला वाटतं बठ्ठं, सगळंच आपलं. मग आपण काय करतो? मी म्हणालो, चतुःसीमा टाकतो, चारी बाजूंनी कोणाची हद्द कुठवर ते. ते म्हणाले, तेच तर. प्रश्न चार भाऊ आहेत. एकाने दुसऱ्याच्या बांधावर नांगर घातला म्हणून कागद परत आला.

वाटणी करायची तर आधी मालमत्तेचा तपशील हवा. नानांनी एक बाद झालेला कागद उलटा घेतला आणि कोकिळाला म्हणाले, "बठ्ठं सांग. कागदले काय लागी ते मी देखसू."

ती सांगत गेली आणि ते आकडे टाकून लिहीत गेले. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर. वडिलांबरोबर लहानपणी शेतांतून हिंडणं, नारळाची पिशवी तिच्याकडे असे. सरांच्या पुस्तकातला जमिनीच्या थरांचा नकाशा, तो तिने तीन वेळा काढला होता. माहितीपत्रकातला एक फोटो, त्यात मुली दोर धरून विहिरीत उतरताना दिसत होत्या. प्रत्येक गोष्ट नानांनी कोणत्या तरी भावाला दिली. नकाशा पहिल्याला. हिंडणं आणि नारळ दुसऱ्याला, आणि पहिल्यात नारळ दिसला तर ते अतिक्रमण. फोटो तिसऱ्याला. तिसऱ्यात तिने खरं तेच लिहायचं ठरवलं, की तुमची संस्था मी पाहिलेली नाही, पण मुली विहिरीत उतरताना मी फक्त तुमच्या फोटोत पाहिल्या. चौथ्याकडे देशसेवा होती. तिच्यावर नानांनी पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाले, या जमिनीला हद्दच नाही, मोजणार कशी? मग चौथा भाऊ रिकामाच राहिला.

दुसऱ्याच्या वाट्यात काही तरी कमी आहे, असं नानांना वाटत होतं. नारळाची पिशवी धरून हिंडल्याने ओढ लागत नाही, हात दुखतात, असं ते म्हणाले. तेव्हा कोकिळाने विहिरीचं सांगितलं.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या झिपरूभाऊंच्या शेतात तिच्या वडिलांनी जागा दाखवली होती. झिपरूभाऊंनी साठ हात खोदलं. पाणी लागलं नाही, खाली नुसता खडक. झिपरूभाऊंच्या बायकोने, भागाबाईने, तो नारळ आणून यांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली. तेव्हापासून वनाभाऊंनी मुलीला बरोबर नेणं बंद केलं. पण कोकिळाला टोचत होतं ते दुसरंच. त्या शेतातून काळ्या दगडाची एक भिंत जमिनीतून आडवी गेलेली होती, नाल्याच्या काठावर ती उघडी पडलेली दिसे. भिंतीच्या एका बाजूची बाभूळ चैत्रातही हिरवी असे, दुसऱ्या बाजूला कुसळं. नारळ उभा राहिला तो कुसळांच्या बाजूला. तिला त्याच वेळी वाटलं होतं, पाणी पलीकडे असणार. चौदा वर्षांची होती. बोलली नाही. पुढे सरांच्या पुस्तकात तशा भिंतीचं चित्र सापडलं, पाणी एका बाजूला अडवून धरणाऱ्या, तेव्हा ती रात्रभर झोपली नाही.

नानांनी लिहिणं थांबवलं होतं. मग त्यांनी आकडा टाकून तेही लिहिलं.

ते उत्तर तिने स्वतः लिहिलं, साध्या इंग्रजीत, एका दमात. नानांनी त्यात एकही 'ज्याअर्थी' घातला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता सही राहिली. कोकिळाचा बेत सोपा होता. वडिलांना सही येते, इंग्रजी येत नाही. कॉलेजचा कागद आहे म्हणून सांगायचं आणि सही घ्यायची. नानांनी कागद ओढून घेतले. आजवर वाचून दाखवल्याशिवाय, समजलं असं पक्षकाराच्या तोंडून ऐकल्याशिवाय, त्यांनी कोणाचा अंगठासुद्धा घेतला नव्हता. तिने खूप विनवलं. विहिरीचं ऐकल्यावर आबा फॉर्म फाडतील, आणि फाडला नाही तरी मला तोंड दाखवता येणार नाही. मग विहीर काढून टाकू, असंही म्हणाली. नाना म्हणाले, काढ, पण मग ते परत कलम एकप्रमाणे होईल. ती रडवेली होऊन घरी गेली. मला नानांचा रागच आला. मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे आणि हा माणूस कचेरीचे नियम सांगतो. अर्थात मी हे तोंडाने बोललो नाही. मी बोलत नाही.

नानांनी निरोप धाडला आणि अकरा जूनला वनाभाऊ आले. उंच, सुकलेला माणूस, पांढरी टोपी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. नानांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि खरेदीखत वाचतात त्या आवाजात वाचायला सुरुवात केली. एक ओळ इंग्रजीत, मग तिचा अर्थ अहिराणीत. पहिल्या उत्तराला वनाभाऊंनी मान हलवली. दुसऱ्यात नारळाची पिशवी आली तेव्हा किंचित हसले. मग झिपरूचं शेत आलं. मला वाटलं, निदान इथे तरी नाना आवाज उतरवतील. त्यांनी उतरवला नाही. साठ हात, कोरडा खडक, उंबऱ्यावरचा नारळ, काळी भिंत, हिरवी बाभूळ, सगळं त्याच सुरात वाचलं. कोकिळा शेडच्या खांबाला धरून उभी होती.

वनाभाऊ म्हणाले, "तेवढंच पुन्हा वाचा बरं, नाना."

नानांनी पुन्हा वाचलं.

"दगड कोन्या बाजूले व्हता?" हे त्यांनी मुलीकडे न बघता विचारलं.

"आपल्या नारळाच्या उगवतीले," ती म्हणाली.

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"नारळ हातावर असला का कोनं बोलू नाही, हे तुम्हीच तं सांगेल व्हतं, आबा."

वनाभाऊंनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. मी माझ्या टेबलावर नसलेले कागद नीट लावत होतो. मग ते नानांना म्हणाले, "बासष्ट हात. साठ नाही. दस्तात खोटं कायले लिहिता?"

नानांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पक्षकाराने दुरुस्ती सांगितली, म्हणजे कागद पक्षकाराला कबूल आहे. त्यांनी साठ खोडून वर बासष्ट लिहिलं आणि समासात बाप-लेक दोघांच्या लहान सह्या घेतल्या. कोकिळा म्हणत होती, ते पान नवीन टाइप करू, खाडाखोड बरी दिसत नाही. नाना म्हणाले, लपवलेली दुरुस्ती संशय असते, सही केलेली दुरुस्ती पुरावा.

पण वनाभाऊ अजून पूर्ण सही करेनात. त्यांचं म्हणणं निघालं. त्यांनी आजवर एकवीस विहिरी दाखवल्या होत्या आणि सतराला पाणी होतं. "कोरडी एक लिहिता, तं वल्ल्या सतरा कोन लिहीन?"

नाना हरखून माझ्याकडे वळले. पक्षकार बरोबर बोलतोय, रुपचंदभाऊ. पडीक लिहिलं आणि बागायत सोडलं तर कागद फसवा ठरतो. पण सतरा विहिरी घालायच्या कोणाच्या वाट्यात? दुसरा भाऊ काठोकाठ भरलेला, अडीचशे शब्दांच्या वर एक नाही. पहिल्यात गेल्या तर अतिक्रमण. वनाभाऊ म्हणाले, मग एखाद्या कोपऱ्यात घाला. नाना म्हणाले, कोपरा कोणाचा ते आधी सांगा. दोघेही अशा गंभीरपणे भांडत होते की आजूबाजूला माणसं जमली. एका वकिलाने तर विचारलं, किती एकरांचं प्रकरण आहे?

मधेच कोकिळा म्हणाली, "चौथा रिकामा आहे ना."

ती तिथेच बाकावर बसून लिहायला लागली. हा विषय शिकून पुढे काय करणार? माझ्या वडिलांनी दाखवलेल्या एकवीसही विहिरींवर मी जाईन. प्रत्येकीत उतरून दगड पाहीन. सतरांना पाणी का लागलं हे मला वडिलांना सांगायचं आहे, आणि चारींना का लागलं नाही तेही. सतरा वेळा माणूस नुसत्या नशिबाने बरोबर येत नाही. त्यांना काही तरी दिसत असणार, जे त्यांनाही सांगता येत नाही. ते काय, हे मला शोधायचं आहे.

नानांनी ते टाइप केलं आणि वाचून दाखवलं. वनाभाऊंनी या वेळी पुन्हा वाचायला सांगितलं नाही. समजलं, म्हणाले. मग एकेक अक्षर कोरावं तशी सही केली.

फॉर्म त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने गेला. त्यानंतर महिनाभर नाना पोस्टमनला नुसते बघूनच चहा सांगत. कोकिळाने उत्तरासाठी पत्ता इथला, आमच्या शेडचा दिला होता. मला तर खात्री होती की समासातल्या त्या दोन सह्या बघून तिकडचे लोक हसतील. मी नेहमी वाईटच धरून चालतो, कधी कधी चुकतो.

उत्तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. नानांनी लिफाफा फोडला नाही. बोदवडला निरोप धाडला आणि दोन दिवस तो लिफाफा टाइपरायटरच्या झाकणाखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी बाप-लेक आले तेव्हा त्यांच्यासमोर फोडला. पत्र छोटं होतं. प्रवेश दिला आहे, एक ऑगस्टला हजर व्हावे, वसतिगृहात जागा राखली आहे, सोबत मूळ कागद आणावेत, खाली सही. नानांनी ते वाचलं, एक ओळ इंग्रजीत, मग अर्थ.

वनाभाऊंनी मान हलवली. कोकिळाने तोंडावर ओढणी धरली होती, ती हसत होती की काय ते कळत नव्हतं. वनाभाऊ पत्राकडे बघत राहिले, जणू त्यातलं एखादं अक्षर ओळखीचं निघेल.

"तिकडं भातच खातात म्हणे," ते म्हणाले. "तिले भाकर लागते. त्याचं काही लिह्यलं हाये का?"

नानांनी पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. मी शेजारीच होतो, माझी नजर तेव्हा चांगली होती. पत्रात पाच ओळी होत्या, आणि सहीखाली कोरा कागद. नानांनी चष्मा पुसला, त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि त्याच खरेदीखताच्या आवाजात, आधी इंग्रजीत आणि मग अहिराणीत, वाचलं की वसतिगृहात आठवड्यातून तीन दिवस ज्वारीची भाकरी मिळते, आणि सोबत लसणाची चटणी.

वनाभाऊंनी मुलीकडे बघितलं. तिला इंग्रजी येत होतं.

"हो आबा," कोकिळा म्हणाली. "लिह्यलं हाये."